इंदूरहून ऑकलंड, एकट्याने: एका वेळी एकच सेक्शन

मागच्या नोव्हेंबरात मी एकटा लेकीकडे न्यूझीलंडला जाऊन आलो. वय ६७, मधुमेह जुना, आणि त्याआधी विमानात बसलो होतो ते दोनदाच, तेही दिल्लीपर्यंत. परत आल्यापासून राजेंद्रनगरच्या बागेत सकाळी भेटणारी मंडळी एकेक करून विचारतात. कुणाची लेक मेलबर्नला, कुणाचा मुलगा टोरांटोला. तिकीट पाठवायला मुलं तयार आहेत, पण ‘एकट्याने कसं जमायचं’ इथे सगळं अडून बसतं. त्यांच्यासाठी जे केलं, जे बघितलं, ते सगळं लिहून काढतो आहे.

मी रेल्वेत स्टेशन मास्तर होतो. नोकरीची सुरुवातीची बरीच वर्षं महू-खंडवा मीटरगेजवर गेली. एकेरी लाइन. गाडी सोडायची तर पुढच्या स्टेशनाकडून लाइन क्लिअर, म्हणजे वाट मोकळी असल्याचा होकार, घ्यायचा, यंत्रातून लोखंडी गोळा काढायचा आणि तो ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. गोळा नाही तर गाडी जागची हलणार नाही. आणि तो गोळा फक्त पुढच्या स्टेशनापुरता, म्हणजे एका सेक्शनचा; दोन स्टेशनांमधल्या टप्प्याला आम्ही सेक्शन म्हणतो. गाडी खंडव्याची असली तरी पातालपाणीला मिळणारा गोळा कालाकुंडपर्यंतचाच. पुढचा पुढे.

लेकीने तिकीट पाठवलं तेव्हा छातीत धस्स झालं. तीन विमानं, चार विमानतळ, दोन रात्री. घरातून निघाल्यापासून तिच्या गाडीत बसेपर्यंत चाळीस तास. रात्री झोप लागेना, तेव्हा उठून एक वही घेतली आणि चार स्टेशनं लिहिली. मधे तीन सेक्शन. इंदूर-मुंबई, सव्वा तास. मुंबई-सिंगापूर, साडेपाच तास, अंतर ३,९०० किलोमीटरच्या आसपास. सिंगापूर-ऑकलंड, दहा तास, ८,४०० किलोमीटरच्या आसपास. प्रत्येक सेक्शनला एक पान दिलं. विमानाचा नंबर, सुटायची वेळ, टर्मिनल, उतरल्यावर आधी काय करायचं, कोणतं औषध कधी, आणि त्या टप्प्यावर उपयोगी पडेल असा एखादा फोन नंबर. प्रवासात एका वेळी एकच पान उघडायचं, पुढचं वाचायचं नाही. मुंबईला बसून ऑकलंडच्या अधिकाऱ्याची काळजी करत राहिलं तर मुंबईतलीच पाटी चुकते. बाकी काही जमलं नाही तरी ही वही तेवढी करा.

तिकीट काढताना

मुलं तिकीट काढतात तेव्हा स्वस्त कुठलं ते बघतात. तुम्ही दोन गोष्टींवर अडून बसा. पहिली, इंदूरपासून शेवटपर्यंत सगळं एकाच बुकिंगवर हवं, म्हणजे एकच पीएनआर. तसं असेल तर बॅग सहसा इंदूरला दिली की शेवटच्या विमानतळावरच हाती येते, आणि एका विमानाला उशीर होऊन पुढचं चुकलं तर पुढची सोय विमान कंपनी बघते. इंदूर-मुंबई वेगळं आणि पुढचं वेगळं काढलंत तर मुंबईत पट्ट्यावरून बॅग उचला, पुन्हा रांगेत लागा, आणि विमान चुकलं तर नवीन तिकिटाचे पैसे स्वतः भरा. वाचतात त्या दोन-तीन हजारांत ही धास्ती परवडत नाही.

दुसरी गोष्ट कनेक्शनची, म्हणजे दोन विमानांमधल्या वेळेची. मला सिंगापूरला सव्वा तासाचं कनेक्शन मिळत होतं. मी लेकीला म्हटलं, बाई, गाडीला सव्वा तास उशीर होणं म्हणजे काय असतं ते मी पस्तीस वर्षं बघितलंय. मी संध्याकाळचं विमान घेतलं आणि साडेबारा तास थांबलो. तुम्ही इतकं थांबायची गरज नाही, पण आपल्या वयाला अनोळखी विमानतळावर तीन ते पाच तास हाताशी असावेत असं माझं मत आहे. आणि पहिलं विमान मुंबईत कुठल्या टर्मिनलला उतरतं ते विचारून घ्या. देशांतर्गत विमानं टी-वनलाही उतरतात आणि टी-टूलाही. आंतरराष्ट्रीय सगळी टी-टूहून सुटतात, आणि टी-वनहून टी-टूला जायचं म्हणजे बाहेर पडून रस्त्याने जावं लागतं.

नाव पासपोर्टातल्यासारखंच, अक्षर न अक्षर. आपल्याकडे पासपोर्टात स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, आणि मुलं तिकिटावर नेमकं तेच गाळतात. पासपोर्टाची मुदत प्रवासानंतर सहा महिने तरी शिल्लक असू द्या.

जेवणाबद्दल एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. विमानात ‘हिंदू मील’ म्हणजे शाकाहारी नव्हे. त्यात गोमांस नसतं एवढंच. कोंबडी, मासे, मटण असू शकतं. आपल्याला हवं ते ‘एशियन व्हेजिटेरियन’, कोड एव्हीएमएल. ते आधीच नोंदवावं लागतं, निदान २४ तास आधी, आणि प्रत्येक विमानासाठी नोंदलंय ना ते बघावं लागतं. त्याचा एक फायदा असा की हे ताट इतरांच्या आधी येतं. मधुमेह असलेल्यांना हे फार बरं पडतं.

व्हीलचेअर. गुडघे दुखत असतील, लांब चालवत नसेल तर अजिबात संकोच करू नका, बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा. आयत्या वेळी मिळेलच असं नाही. पण पाय धड असताना केवळ इंग्रजीच्या भीतीने घेऊ नका, एवढं मी कळकळीने सांगतो. तिथे खरोखर गरज असलेली माणसं खुर्चीची वाट बघत बसलेली असतात. पाट्या वाचता येत असतील आणि बोर्डिंग पास दाखवून ‘कुठे?’ एवढं विचारता येत असेल तर तेवढं इंग्रजी पुरतं.

सामान, आणि मुख्य म्हणजे खाऊ

आपला माणूस परदेशी निघाला की घरातल्या बायका चार दिवस आधी कढई चढवतात. माझ्या वहिनीने बेसनाचे लाडू करायला घेतले होते. लेकीने फोनवर थांबवलं. न्यूझीलंड हा बेटांचा देश, शेती आणि गाईगुरं यांवर त्यांचं पोट. बाहेरून एखादी कीड, एखादा रोग आत आला तर त्यांचं होत्याचं नव्हतं होईल, म्हणून खाण्याच्या वस्तूंची तपासणी फार कडक. दूध, मावा, तूप असलेलं मी काहीही नेलं नाही. कालाकुंडचा पळसाच्या पानातला कलाकंद लेकीला जिवापाड आवडतो, तोसुद्धा नाही. ताजी फळं, कढीपत्ता, बियाणं, मध या कशाच्या वाटेला जाऊ नका. नेलं ते एवढंच: दुकानातली सीलबंद शेव, जीरावन मसाला, मेतकूट, चहा. सगळ्यावर छापील लेबल, सगळं एकाच पिशवीत, आणि पिशवीवर इंग्रजीत लिहिलेली यादी चिकटवलेली. भाच्याकडून ती यादी सुवाच्य अक्षरात लिहून घेतली. पुढे ऑकलंडला त्याच कागदाने माझं अर्धं काम केलं.

आपल्याकडून निघतानाही काही अटी आहेत. लोणचं हातातल्या बॅगेत चालत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मोठ्या बॅगेतही चालत नाहीत, तेलामुळे पेट घेण्याची भीती असते. पॉवर बँकेचं उलटं, ती मोठ्या बॅगेत चालत नाही, जवळच ठेवायची. द्रव पदार्थ जवळ ठेवायचे तर प्रत्येक बाटली १०० मिलिलिटरपर्यंत, आणि सगळ्या मिळून एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत. पाण्याची बाटली रिकामी न्या, तपासणी झाली की आत भरून घ्या.

औषधं सगळी जवळच्या बॅगेत, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट. न्यूझीलंडला तीन महिन्यांपुरती औषधं नेता येतात. गोळ्या काढून डबीत भरायची सवय असेल तर या प्रवासापुरती मोडा.

बूट. हे कुणी सांगत नाही. चालायला जायचे जुने बूट न्यायचे असतील तर तळ स्वच्छ धुवा. मी जुन्या टूथब्रशने खाचा खाचा घासल्या. आपली माळव्याची काळी माती किती चिकट असते ते वेगळं सांगायला नको, आणि ती माती तिथे नको असते.

मोठ्या बॅगेच्या मुठीला मी हिरव्या झेंडीच्या कापडाची पट्टी घट्ट बांधली. घरात जुनी एक पडली होती. पट्ट्यावर पन्नास काळ्या बॅगा फिरत असताना लांबूनच ती ओळखू आली.

पहिला सेक्शन

बिजासन टेकरीजवळचा आपला विमानतळ आटोपशीर आहे, इथे हरवायला होत नाही. काउंटरवर तीन गोष्टी बघा: सगळ्या विमानांचे बोर्डिंग पास मिळाले का, बॅगेच्या पट्टीवर शेवटच्या विमानतळाचं तीन अक्षरी नाव आहे का, आणि बॅगेच्या पावतीचा तुकडा. इंदूर आयडीआर, मुंबई बीओएम, सिंगापूर एसआयएन, ऑकलंड एकेएल. माझ्या पट्टीवर एकेएल होतं. तरी मी विचारलं, ‘बॅग मुंबईत घ्यायची नाही ना?’ हा प्रश्न ऐकून कुणी हसलं तरी विचारायचाच. मग पावती वहीत चिकटवायची. बोर्डिंग पास म्हणजे तुमचा गोळा. शर्टाच्या वरच्या खिशात, पासपोर्टात खोचून नव्हे. पासपोर्ट दहा ठिकाणी दाखवावा लागतो आणि त्यातून पास गळून पडतो.

निघायच्या आधी २४ तासांत एक ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो, ‘न्यूझीलंड ट्रॅव्हलर डिक्लरेशन’. तो फुकट आहे. पैसे मागणारी वेबसाइट समोर आली तर ती सरकारी नव्हे, बंद करा. मी त्या दिवशी सकाळी भाच्याला शेजारी बसवून भरला. ऑनलाइन जमत नसेल तर कागदी कार्डही चालतं.

मुंबईत उतरल्यावर ‘इंटरनॅशनल ट्रान्सफर’च्या पाट्या धरून चला. बॅग पुढे गेली तरी इमिग्रेशन तुम्हाला तिथेच करावं लागतं. २०१७ पासून भारतीयांना जाताना तो जुना फॉर्म भरावा लागत नाही, त्यामुळे कुणी फॉर्म विचारत नाही म्हणून गोंधळू नका. कुठे जाता, कुणाकडे, किती दिवस, एवढंच विचारलं. व्हिसाची प्रत, परतीचं तिकीट आणि लेकीचा पत्ता छापून नेला होता. फोनमध्ये असतं सगळं, पण फोनची बॅटरी कधी संपेल याचा नेम नाही.

विमानात मी आयल सीट, म्हणजे मधल्या वाटेकडची, मागून घेतली होती, कुणाला न उठवता उठता यावं म्हणून. दर तासा-दीड तासाने उठून मागपर्यंत फेरी मारा, बसल्या जागी टाचा-चवडे वरखाली करा, पाणी पीत राहा. इतका वेळ पाय लोंबते राहिले तर शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी मला घट्ट मोजेही दिले होते. औषधांच्या वेळांसाठी हातातलं एचएमटी घड्याळ शेवटपर्यंत भारताच्या वेळेवर ठेवलं. फोन आपली वेळ बदलतो, घड्याळ बदलायचं नाही. गोळ्या-इन्सुलिन बदललेल्या वेळेत कसं घ्यायचं ते मात्र आपापल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. माझं वेळापत्रक तुम्हाला लागू पडणार नाही.

सिंगापूरचे साडेबारा तास

सिंगापूरचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. तिथे उतरलो तेव्हा सकाळचे पावणेआठ झाले होते आणि माझ्या मनगटावर सव्वापाच. शहरात जायचं नसेल तर इमिग्रेशन करायचं नाही, आतच राहायचं. ‘अरायव्हल’ची पाटी सोडून ‘ट्रान्सफर’ची धरायची. आतच झोपायची हॉटेलं आहेत, सहा तासांच्या हिशेबाने खोली देतात. लेकीने आधीच खोली घेतली होती. मला तो खर्च उधळपट्टी वाटत होता. आंघोळ करून, साडेतीन तास आडवा होऊन उठलो तेव्हा वाटला नाही. चार्जरची गोष्ट वेगळी: सिंगापुरात तीन चौकोनी पिनांचा प्लग, न्यूझीलंडला तिरक्या पात्यांचा. सगळीकडे चालणारा एकच अडॅप्टर घ्या.

नंतर टर्मिनल तीनमधल्या फुलपाखरांच्या बागेत बसलो. काचेच्या आत खरी झाडं, खरा ओलसर वास. तिथे एक आजी भेटल्या, तमिळ, पर्थला निघालेल्या, त्याही एकट्याच. दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं. त्यांनी चिवड्याची पुडी पुढे केली. माझ्या सगळ्या दिवसातला तो सगळ्यात शांत तास.

आणि मग चूक झाली. बोर्डिंग पासवर छापलेल्या गेटच्या दिशेने जाऊन मी दीड तास आधीच निवांत बसलो. फलाट ऐन वेळी बदलतो हे मला दुसऱ्या कुणी शिकवायला नको होतं, तरी बोर्डाकडे मान वर करून बघितलं नाही. शेजारचे लोक उठून जाताना दिसले तेव्हा बघितलं, तर गेट दुसऱ्या टर्मिनलला गेलेलं. छातीचे ठोके वाढले. एका कर्मचारी मुलीला पास दाखवला, तिने स्कायट्रेनकडे बोट केलं. टर्मिनल एक, दोन आणि तीन यांच्यामध्ये ती छोटी गाडी धावते, फुकट. त्या गाडीतून दोनच मिनिटं काचेच्या घुमटातला चाळीस मीटरांचा धबधबा दिसला. पातालपाणीचा धबधबा पावसाळ्यात रोज बघितलेला मी, पण छपराखाली कोसळणारं पाणी बघून त्या घाईतही उभा राहिलो. तेव्हा दर अर्ध्या तासाने बोर्ड बघा, घोषणेची वाट बघू नका. त्यात सिंगापूरच्या पहिल्या तीन टर्मिनलांत हातातल्या सामानाची तपासणी गेटवरच होते, म्हणून गेटवर तासभर आधी असलेलं बरं. भरलेली पाण्याची बाटली तिथे पुन्हा रिकामी करावी लागते.

दोन्हीकडे निरोप

सेक्शनमध्ये गाडी शिरली की मागचा मास्तर पुढच्याला कळवतो आणि पोहोचली की पुढचा मागच्याला. आम्ही घरात तसंच ठरवलं. विमानात बसल्यावर ‘सुटलो’ आणि उतरल्यावर ‘पोहोचलो’, हे दोन शब्द लेकीला आणि इंदूरला धाकट्या भावाला. मधे कुणी फोन करायचा नाही. विमानतळावर फुकट वायफाय असतं, त्यावर एवढं होतं. त्याआधी पुतण्या कॅनडाला गेला तेव्हा घरात दर तासाला ‘कुठे असेल आता’ चाललं होतं. या वेळी भाऊ दोनदा वेळेवर जेवला, असं वहिनीने सांगितलं.

ऑकलंड

शेवटच्या विमानात न्याहारीबरोबर केळं मिळालं. शेजारच्या बाईंनी ते पर्समध्ये ठेवलं. मी त्यांना खुणेने सांगितलं, इथेच खा किंवा इथेच सोडा. विमानातलं फळ विसरून बाहेर नेलं तरी जागच्या जागी ४०० डॉलर दंड होतो, म्हणजे आपले वीस हजारांच्या आसपास. उतरल्यावर वाटेत मोठे डबे ठेवलेले असतात, शंका असेल ते त्यात टाकून द्यावं. तोपर्यंत दंड नाही.

फॉर्ममध्ये खाणं, औषधं, वापरलेले बूट, सगळ्याला ‘हो’ लिहा. आपल्या लोकांना वाटतं ‘हो’ म्हटलं की अडवतील. तिथे लपवण्याला दंड आहे, सांगण्याला नाही. मला वेगळ्या रांगेत पाठवलं. एक छोटा कुत्रा बॅगा हुंगत पुढे गेला. अधिकारी बाईंनी यादीचा कागद वाचला, जीरावनचं पाकीट हातात घेऊन विचारलं, हे काय? मी म्हटलं, मसाला, पोह्यांवर घालतात, माझ्या गावात सकाळी सगळे खातात. त्यांनी लेबल वाचलं, बुटांचे तळ बघितले, आणि जा म्हणाल्या. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

ज्यांना ऑकलंडहून पुढे देशातलं विमान आहे त्यांनी बॅग इथेच घ्यायची, ही तपासणी करायची आणि मग देशांतर्गत टर्मिनल गाठायचं. ते वेगळ्या इमारतीत आहे. जमिनीवर हिरवी रेघ आखलेली आहे, ती धरून दहाएक मिनिटं चालायचं. फुकट बसही आहे. त्यासाठी मधे तीन तास तरी ठेवा.

लेक हॅमिल्टनला राहते, तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटर. तिच्या गाडीत बसलो तेव्हा तिथे दुपारचा एक वाजला होता. नोव्हेंबरात ते आपल्यापुढे साडेसात तास असतात, म्हणजे इंदूरला पहाटेचे साडेपाच. वही उघडून तिसऱ्या पानावर वेळ लिहिली आणि भावाला निरोप टाकला, ‘पोहोचलो’. मिनिटाच्या आत उत्तर आलं. तो जागाच होता.